पक्की सोय

पेटी हलेना.

सुकन्याने आधी ती चिमटीत धरून ओढली, मग दोन्ही हातांनी. मग गिटारचा अख्खा पेडलबोर्ड मांडीवर घेतला, गुडघ्यांत दाबून धरला आणि पेटीला हिसका दिला. एरवी एवढ्या हिसक्याला खालचा वेल्क्रो चर्र करून सुटायचा. आज चर्र नाही की काही नाही.

"निघणार नाही ती," कपिल म्हणाला. "तेच तर."

तो ओट्याला टेकून चहा पीत होता. चेहऱ्यावर शाबासकीची वाट पाहणारं हसू होतं. त्याची आई, शोभनाताई, शेगडीवर पोहे परतत होत्या. तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या पुण्याहून हॅम्बर्गला आल्या होत्या आणि घरातली सकाळ त्यांनी पहिल्याच आठवड्यात ताब्यात घेतली होती.

सुकन्याने बोर्ड उलटा केला. तिची जुनी लाकडी फळी नव्हतीच ती. कडा गोल घासलेला अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा होता. गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने खटका दाबून चालवायच्या पाच पेट्या त्यावर ओळीने बसल्या होत्या. वायरी भोकांतून खाली घेऊन प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधल्या होत्या. सगळं इतकं नीटनेटकं होतं, की कुठे बोट घालायला जागा नव्हती.

कपिल सांगू लागला. तो विमानांच्या आतल्या भिंती आणि सामानाचे कप्पे बनवणाऱ्या कंपनीत होता. तिथे वापरतात तो दोन नळ्यांचा गोंद त्याने आणला होता. पेट्यांचे रबरी पाय काढले, तळ पॉलिशपेपरने घासून उघडे केले, गोंद लावला, वजन ठेवलं. गुरुवारी संध्याकाळी ती दुकानात कामावर असताना खाली तळघरात, केलरमध्ये बसून हे सगळं केलं होतं. पेट्यांचा क्रमही त्याने इंटरनेटवर वाचून बरोबर लावून घेतला होता. "तुझा उलटासुलटा होता," तो म्हणाला. "एक वेळ विमान पडेल, पण हे सुटणार नाही."

"किती कौतुकाने केलंय बघ," शोभनाताई झाऱ्या न थांबवता म्हणाल्या.

सुकन्या म्हणाली, "अहो, हे काढा."

सासूबाई घरात असल्या की कपिल ‘अहो’ व्हायचा आणि त्या पुण्याला परतल्या की पुन्हा ‘अरे’. ही कसरत तिच्या अंगवळणी पडली होती. पण आज त्या ‘अहो’मुळे वाक्याची धारच गेली. कपिल हसला आणि म्हणाला की काढता येत नाही, हाच तर मुद्दा आहे.

"त्या पत्र्याच्या पेटीत बॅटरी असते. ती तळाकडून उघडते. चार स्क्रू आहेत तिथे."

"माहितीये मला. नवीच आहे ना? संपली की बघू. वरून खिडकी कापून देईन."

वरून खिडकी कापून देईन. सुकन्याने पेटीकडे पाहिलं. वरच्या बटणांशी लाल नेलपॉलिशने लिहिलेलं ‘कमी’ आणि ‘जास्त’ अजून वाचता येत होतं. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिने ती पेटी बनवली होती. पुण्यातल्या तपकीर गल्लीत चार दुकानं फिरून जुने ट्रान्झिस्टर मिळवले होते. ट्यूबलाइटच्या चोकचे डबे बनवणाऱ्या एका कारागिराकडून पत्रा वाकवून घेतला होता, आणि "पोरी, यात ठेवणार काय?" या त्याच्या प्रश्नाला "आवाज" असं उत्तर दिलं होतं. त्या पेटीतून गिटारचा सूर गेला की तो फाटून, खरवडून, दुप्पट जाड होऊन बाहेर यायचा. बाकीच्या चार पेट्या तिने हॅम्बर्गमध्ये विकत घेतल्या होत्या. त्या कुणाकडेही असतात.

शमिका, त्यांची चौदा वर्षांची मुलगी, पोहण्याची बॅग खांद्याला लावून दारात उभी होती. तिने आईचा चेहरा पाहिला, बोर्ड पाहिला. "इश हाब्स इम गेझाग्ट," ती जर्मनमध्येच म्हणाली. मी म्हटलं होतं त्याला.

"काय म्हटलं होतंस?" सुकन्याने विचारलं.

आईला विचारलंस का, असं विचारलं होतं, एवढं सांगून शमिका निघून गेली.

कपिल म्हणाला, सरप्राइज विचारून देतात का कुणी. मग त्याने नोव्हेंबरची आठवण काढली. बेर्गेडोर्फच्या कार्यक्रमात वेल्क्रो सुटला होता, एक पेटी घसरत स्टेजवरून खाली गेली होती, वायर उपटली गेली होती आणि गिटार अर्ध्या गाण्यात मुकी झाली होती. त्याच्या ऑफिसमधले दोघे शेजारीच बसले होते. "तुझं हसं झालं होतं," तो म्हणाला. "परत होऊ नये म्हणून केलं मी."

सुकन्याला ती संध्याकाळ चांगली आठवत होती. ती स्वतः हसली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, पहिल्या रांगेतल्या कुणीतरी पेटी उचलून दिली होती आणि गाणं पुन्हा सुरू झालं होतं. हसं झालं असेलच तर ते कुणाचं, हे तिला आत्ता, पोह्यांच्या वासात, पहिल्यांदा कळलं. नवा, जाड वेल्क्रो तिने कधीच आणून ठेवला होता. आज दुपारी रस्त्यावरच्या जत्रेत वाजवायचं होतं, त्याआधी सकाळीच पेट्यांचे तळ स्पिरिटने पुसून ती तो लावणार होती. पट्टी अजून तिच्या पर्समध्ये होती.

"वाजवून तर बघ," कपिल म्हणाला.

तिने वाजवलं नाही. पोहेही खाल्ले नाहीत. शनिवारी दुकान एकपर्यंत उघडं असायचं. ती कोट चढवून निघाली.

कपिल वाईट माणूस होता असं कुणीच म्हणालं नसतं, सुकन्याही नाही. तो तिच्याआधी उठायचा. तिची सायकल सर्व्हिसिंगला न्यायचा. ती पहिल्यांदा हॅम्बर्गला आली तेव्हा परदेशी लोकांच्या कचेरीत, आउसलेंडरबेहोर्डंमध्ये, प्रत्येक खेपेला रजा काढून बरोबर यायचा आणि खिडकीतल्या बाईला सांगायचा, माझ्या बायकोला अमुक हवंय, माझी बायको तमुक म्हणते. तेव्हा त्याची गरज होती. पुढे सुकन्या जर्मनची बे-आइन्स परीक्षा पास झाली, मग त्याच्या पुढचीही, तरी खिडकीतल्या बायका त्याच्याकडेच बघून बोलत राहिल्या आणि तो उत्तरं देत राहिला. हॉटेलात तिची डिश तोच सांगायचा, आणि तिला आवडते तीच सांगायचा. दुकानातली नोकरीही त्यानेच शोधली होती. तिला हे जमेल, असं तिच्याआधी त्यालाच वाटलं होतं आणि ते बरोबर निघालं होतं. कपिलचं बहुतेक बरोबरच निघायचं. त्यामुळे तिच्या रागाला कधी पाय टेकायला जमीनच मिळाली नव्हती. पुण्याच्या फोनवर आई म्हणायची, किती सोय बघतो गं तुझी. सुकन्या "हो ना" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर उगाचच भांडी घासायला घ्यायची.

दुकान श्रवणयंत्रांचं होतं, हॅम्बर्गमधल्या बार्मबेकच्या बाजारपेठेत. मागच्या टेबलावर बसून ती म्हाताऱ्यांची यंत्रं साफ करायची, नळ्या बदलायची, कानाचे साचे घासून नीट करायची. गिटार वाजवणं पुन्हा सुरू झालं तेही इथेच. बिर्गिट नावाची एक धिप्पाड, पांढऱ्या केसांची बाई कानात घालायचे बोळे मापाने करून घ्यायला आली होती. ती बास गिटार वाजवायची. सुकन्याने तिला सहज विचारलं की स्टेजवर किती मोठा आवाज असतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर घ्यायला ती पुढच्या मंगळवारी युद्धाच्या काळातल्या एका बंकरमध्ये बिर्गिटच्या बँडच्या तालमीला गेली. तिथल्या भिंती इतक्या जाड होत्या, की आत काहीही वाजवलं तरी बाहेर कुणाला पत्ता लागत नसे. तेव्हापासून दर मंगळवारी ती तिथे जायची. पुढच्या सुट्टीत माहेरच्या माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली आली आणि साड्यांच्या घड्यांत गुंडाळून विमानाने हॅम्बर्गला पोचली.

त्या शनिवारी ल्यूडर्स नावाचं वृद्ध जोडपं आलं. यंत्र नवऱ्याचं होतं. सुकन्याने त्याला विचारलं, डाव्या कानात शिट्टी वाजते का. बायको म्हणाली, वाजते. जेवताना वाजते की फोनवर? बायको म्हणाली, फोनवर. असं रोज कुणी ना कुणी करायचंच आणि सुकन्या हसून प्रश्न पुन्हा विचारायची. आज ती हसली नाही.

"मी त्यांना विचारलंय," ती म्हणाली.

फ्राऊ ल्यूडर्सचा चेहरा उतरला. म्हातारा तोंड उघडून दोघींकडे बघत राहिला. पुढच्या काउंटरवरून मालकाने मान वळवून पाहिलं. सुकन्याने माफी मागितली, पण मनातून मागितली नाही, आणि साचा घासायला घेतला तेव्हा तो गरजेपेक्षा जास्त घासला गेला.

रस्त्यावरची जत्रा कालव्याच्या काठी होती. सॉसेजचे धूर, बिअरचे तंबू, लहान मुलांचं चक्र, आणि टोकाला एक ठेंगणं स्टेज. जून असूनही ढगाळ होतं. सुकन्या दुकानातून थेट आली. कपिलने बोर्ड आणि गिटार गाडीतून आणली होती आणि बोर्ड तिच्या जागी, माइकच्या पायाशी, अगदी मध्यावर मांडून ठेवला होता. शोभनाताई पहिल्या रांगेत घडीच्या खुर्चीवर शाल पांघरून, कानांत कापसाचे बोळे घालून बसल्या होत्या.

बिर्गिटने बोर्ड पाहून शीळ घातली आणि म्हणाली, हा तर विमानाचा कॉकपिट झाला. मग सुकन्याकडे पाहिलं आणि आपली बास गिटार लावायला वळली.

आवाजाची तपासणी सुरू झाली. पहिली पेटी लागली. दुसरी लागली. सुकन्याने पत्र्याच्या पेटीवर पाय दाबला. खटका वाजला, आणि गिटार गप्प झाली. पेटीवरचा लाल दिवा लागला नाही. तिने पुन्हा दाबलं. मग सकाळचं दृश्य तिच्या डोळ्यांपुढे आलं. टेबलावर बोर्ड होता तेव्हा तो दिवा जळत होता, अगदी मंद, राखेतल्या निखाऱ्याइतका. रागात तिचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. वाजवून झालं की ती पेटी बंद करायची, वायर काढायची. नाहीतर बॅटरी आतल्या आत जळत राहते. तिने कपिलला खूण करून विचारलं, ही कधीपासून चालू होती.

तो स्टेजपाशी आला. "गुरुवारी टेस्ट केली ना. मग राहू दिली. दिवा छान दिसत होता." तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो घाईने म्हणाला, "बाकीच्या चार चालतायत की. आज हिच्याशिवाय वाजव. उद्या खिडकी कापतो."

ध्वनियंत्रणा सांभाळणारा दाढीवाला मुलगा समोरच्या टेबलावरून ओरडून विचारत होता, त्या फझचं, फाटक्या आवाजाच्या पेटीचं, काय करायचं, थांबू का? सुकन्या तोंड उघडणार, एवढ्यात कपिलने मागे वळून हात वर केला.

"माइने फ्राऊ श्पील्ट ओने," तो म्हणाला. माझी बायको त्याच्याशिवाय वाजवेल.

"तू गप्प बस."

ती काही ओरडली नव्हती. पण तोंडासमोरचा माइक चालू होता. ते तीन शब्द दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून बाहेर पडले, सॉसेजच्या रांगेवरून, मुलांच्या चक्रावरून, कालव्याच्या पाण्यावरून पलीकडच्या इमारतींपर्यंत गेले आणि तिथून थोडे परतही आले. शेदोनशे माणसांत ते फक्त दोघांना कळले. कपिलचा वर केलेला हात तसाच राहिला. शोभनाताईंनी एका कानातला कापूस काढला आणि हातात धरून बसल्या.

सुकन्याने गिटार उतरवून ठेवली. स्टेजच्या मागे मांडववाल्यांची हत्यारांची पेटी होती. तिथून तिने पटाशी आणि हातोडी घेतली, बोर्डसमोर मांडी घालून बसली आणि पेटी आणि पत्रा यांच्या फटीत पटाशीचं टोक बसवलं.

"हात कापशील. दे, मी करतो," कपिल म्हणाला.

तिने हातोडी घातली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. गोंद खरंच विमानाचा होता. तो ढिम्म हलला नाही, पेटीचाच पत्रा वाकू लागला. प्रत्येक घावाबरोबर तिला काहीतरी आठवत होतं आणि ते काही फार मोठं नव्हतं. तिच्या नावाने परस्पर घेतलेली दाताच्या डॉक्टरची वेळ. तिने न मागितलेला, तिच्या मापाचा रेनकोट. कसलंच भांडण न झालेली पंधरा वर्षं. शेवटी कडकन आवाज झाला, तळाचे चारही स्क्रू पत्रा फाडून निघाले आणि पेटी सुटून तिच्या हातात आली. तळाचं झाकण मात्र जिथे होतं तिथेच, बोर्डाला चिकटून राहिलं. फाटलेली कड तिच्या तळव्यात घुसली होती. तिने तो जीन्सला पुसला.

दाढीवाल्याने न विचारता एक नवी बॅटरी आणून दिली. तिने जुनी काढली, नवी जोडली, उघड्या तळावर चिकटपट्टीचे वेढे दिले आणि पेटी स्टेजच्या लाकडावर ठेवली. खटका दाबला. दिवा लागला.

पहिलं गाणं जसं व्हायला हवं तसं झालं. त्याहूनही जास्त. आवाज फाटत, खरवडत, पाण्यावरून पलीकडे गेला. बिअरच्या तंबूतली माणसं पेले घेऊन जवळ आली. आंके, त्यांची ड्रम वाजवणारी, सुकन्याकडे बघून दात काढून हसली. सुकन्या हसली नाही. वाजवल्यावर राग उतरेल असं तिला वाटलं होतं, पण तो चढत होता आणि हातांना चांगला कामी येत होता.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यात पेटी गेली. आधी खरखर झाली, मग आवाज बारीक होत विझला. दिवा जळत होता, म्हणजे बॅटरी ठीक होती. आत काय झालं ते तिला पाहायची गरज नव्हती. हातोडीच्या घावांनी एका ट्रान्झिस्टरचा पाय तडकला होता, तो आता तुटला. ते ट्रान्झिस्टर आता तपकीर गल्लीतही मिळत नव्हते. मागच्या खेपेला ती विचारून आली होती. इतकी वर्षं माळ्यावर आणि साड्यांत टिकलेली पेटी आज तिच्याच हातोडीने गेली होती. हे कळलं तेव्हा राग कुणावर धरायचा ते तिला क्षणभर सुचेना, आणि मग तो दोघांवरही धरता येतो असं लक्षात आलं. तिने पायाने पेटी बंद केली आणि उरलेली गाणी साध्या, उघड्या सुरात वाजवली. एकही सोडलं नाही.

लोक पांगल्यावर कपिल सामान भरायला आला. त्याने आधी वायरी गुंडाळल्या, मग फुटकी पेटी उचलायला हात पुढे केला. सुकन्याने ती उचलून काखेत घेतली.

"ट्रान्झिस्टर ऑनलाइन मिळतात," तो हळू आवाजात म्हणाला. "जुना स्टॉक असतो लोकांकडे. मी शोधतो."

"नको."

"मग काय करू सांग."

"शमिकाने तुला विचारलं होतं, आईला विचारलंस का. काय म्हणालास तू तिला?"

कपिल वायरीच्या वेढ्याकडे बघत राहिला. "म्हणालो, आईला आवडेल."

"चौदा वर्षांची आहे ती. तिला कळलं होतं, कपिल."

तो रडवेला झाला होता आणि त्याचाही सुकन्याला राग आला, कारण आता त्याची समजूत घालायची पाळी तिच्यावर येणार होती. तिने ती घातली नाही. बोर्ड गाडीत टाक किंवा टाकून दे, तुला हवं ते कर, असं सांगून ती गिटार पाठीला लावून बसच्या थांब्याकडे चालू लागली.

थांब्यावर पोचली तेव्हा मागून सपातांचा आवाज आला. शोभनाताई येत होत्या, शाल सावरत, गुडघ्यांवर हात टेकत टेकत.

"आई, तुम्ही गाडीतून जा."

"त्याला जाऊ दे एकटा," शोभनाताई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. त्यांनी शाल पुन्हा नीट केली. मग म्हणाल्या, "चारचौघांत नवऱ्याला गप्प बस म्हणालीस. मला नाही आवडलं ते."

"नसेल आवडलं."

"नाहीच आवडलं."

सुकन्याला ते वाक्य परत घ्यायचं नव्हतं. बस आली. दोघी मधल्या दारातून चढल्या आणि समोरासमोरच्या बाकांवर बसल्या. सुकन्याने गिटार गुडघ्यांत धरली, फुटकी पेटी मांडीवर ठेवली. पेटीवर लाल डाग पडले होते. तळव्यातलं रक्त अजून थांबलं नव्हतं.

शोभनाताईंनी ते पाहिलं. त्यांनी कमरेला खोचलेला रुमाल काढला, झटकला, त्याची तिरपी घडी घातली आणि पट्टी केली. ती पट्टी दोन्ही टोकांनी धरून त्या पुढे झुकल्या आणि मध्येच थांबल्या.

"बांधू का?" त्यांनी विचारलं.

सुकन्याने त्यांच्याकडे पाहिलं.

"नको. मी बांधते."

"बरं," शोभनाताई म्हणाल्या. रुमाल त्यांनी तिच्या हातात दिला आणि आपले हात मांडीवर घेऊन त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. सुकन्याने एक टोक दातांत धरलं, दुसरं डाव्या हाताने तळव्याभोवती फिरवलं. बस वळणावर हलली आणि गाठ निसटली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.